आत्याबाई सभेत दोनदा उठली

माझ्या आत्याबाईच्या सासरी, नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या गावात, कुणाच्या घरचा पुरुष माणूस गेला की दोन निरोप लगेच निघत. एक बांबू आणणाऱ्याकडे आणि दुसरा दुर्गाबाई मोहोडांकडे, म्हणजे आत्याबाईकडे. मागे राहिलेल्या बाईच्या बांगड्या फोडायला, कुंकू पुसायला, जोडवी काढायला तिला बोलावत. हे काम विधवेनंच करायचं अशी तिथली रीत होती, आणि कितीतरी वर्षं ते तिच्याचकडे होतं.

ती ते निर्दयपणे करत नसे, हे आधी सांगितलं पाहिजे. पदर ओला करून मनगटाला गुंडाळायची आणि मग पाट्यावर हात हलकेच दाबायची, म्हणजे काच आत शिरत नाही. जोडवी घट्ट बसली असतील तर तेल लावायची. त्या बाईच्या कानाशी तोंड नेऊन "झालं माय, झालं आता" म्हणत राहायची. "दुसरी कोणी असती तं हात दगडावर आपटला असता," असं ती मला सांगायची, आणि ते खरंच होतं. आपण लोकांच्या वाईट वेळेला धावून जाणारी बाई आहोत असं तिला वाटे. गावालाही तसंच वाटे.

मी तिच्या भावाची मुलगी, अनुपमा. अकोल्यात शाळेत शिकवते. लहानपणी प्रत्येक उन्हाळा तिच्याकडे काढलेला, त्यामुळे तिची पांढरी कपाळपट्टी मला कधी खटकली नाही. तिचा चेहराच तो होता.

ती विधवा झाली तेव्हा पंचविशीच्या थोडी पुढे होती. नवरा देवमन विहिरीवर मोटारपंप सुरू करायला गेला आणि शॉक लागून जागीच गेला. मुलगा श्रावण तेव्हा रांगत होता. सासू तानुबाई स्वतः विधवा होती, आणि सुनेच्या बांगड्या तिनंच फोडल्या. त्यानंतर आत्याबाईनं जे धरलं ते सोडलं नाही. लग्नाच्या मांडवात ती मागे बसे. हळद लागायच्या वेळी स्वयंपाकघरात निघून जाई. कुणी प्रेमानं लाल काठाचं लुगडं दिलं तर ते घडी करून भावजयीला देऊन टाकी. तिच्याइतकं काटेकोर गावात कुणी पाळलं नाही, आणि त्या काटेकोरपणातूनच तिला मान मिळाला. तानुबाई गेल्यावर घरातला शेवटचा शब्द तिचा झाला. दीर भगवंतराव कापूस विकायला काढण्याआधी "वैनी, काय म्हनता?" म्हणून विचारायचे. गावात नवी सून जरा उनाड वाटली की सासवा म्हणायच्या, "दुर्गाबाईकडं पाहा."

तिच्या बाकीच्या समजुती बदलल्या नाहीत असं नाही. माझ्या लहानपणी निंदणाला येणाऱ्या बौद्ध वस्तीतल्या बायांसाठी गोठ्याच्या कोनाड्यात वेगळे कप असायचे. पुढे गावात बचत गट निघाला आणि आत्याबाई त्यात गेली. गटाची सचिव होती पौर्णिमा, त्याच वस्तीतली, आणि बैठका तिच्याच घरी व्हायच्या. पहिल्या एकदोन बैठकींना आत्याबाईनं "आत्ताच घेऊन आली" म्हणून चहा टाळला. मग एकदा पावसात भिजून गेली आणि पौर्णिमानं न विचारताच कप हातात दिला. पुढे ते कप कोनाड्यातून कधी गेले, कुणी टाकले, हे मी तिला विचारलं तर तिला आठवेना. "असतीन कुठीतरी," म्हणाली. त्या समजुतीसाठी तिनं स्वतः काही किंमत मोजली नव्हती, म्हणून ती सहज गळून पडली. वैधव्याचं तसं नव्हतं. त्यात तिचं सगळं तरुणपण गेलं होतं.

२०२२ साली कोल्हापूरकडच्या एका गावानं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि मागोमाग सरकारचं पत्रक सगळ्या ग्रामपंचायतींना आलं. आमच्या गावची सरपंच तेव्हा अपेक्षा होती. गावातलीच सून, अमरावतीला बी.ए. झालेली, महिला राखीव जागेवर निवडून आलेली. तिनं पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव वाचला. कुणी काही बोलण्याआधी आत्याबाई उठली. आयुष्यात पहिल्यांदाच ती ग्रामसभेत बोलत होती.

"सरपंचबाई, आमी जे पाळलं ते काय येड्या होतो म्हनून पाळलं? मी मनानं पाळलं, खुशीनं पाळलं. मालक गेला त्याचं येवढं तरी बाईनं करू नये का? उद्या म्हनसान सुतक बी नको."

पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. बायांनीही वाजवल्या. ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला.

श्रावणनं मला फोनवर हे सांगितलं. तो अमरावतीत राहतो, शहराजवळच्या नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत कापडाच्या कारखान्यात फिटर आहे. मी त्याच रविवारी बस धरून गेले आणि आत्याबाईशी भांडले.

"आत्याबाई, हा बायांवर अन्याय आहे," मी म्हणाले.

"ते तुया शाळेत शिकव," ती तूर निवडता निवडता म्हणाली. "अन्याय झाला असंन तं मायावर झाला ना, अनू? मग मले समजला नसता का? तुलेच बरा समजला?"

तिनं सुपातले खडे वेचून बाजूला टाकले आणि जेवायला काय करू म्हणून विचारलं.

दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू होती तेव्हा भगवंतरावांचा मुलगा अंकुर गेला. बडनेऱ्याहून मोटारसायकलवर येताना ट्रकनं उडवलं. त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याची आई तो लहान असतानाच गेली, आणि आत्याबाईनं त्याला श्रावणसारखंच अंगाखांद्यावर वाढवलेला. त्याची बायको चंदा तिशीतही नव्हती, मुलगा सोहम अंगणवाडीत जाणारा. मी अकोल्याहून पोचेपर्यंत अंत्यसंस्कार होऊन गेले होते आणि चंदाचे हात मोकळे झाले होते. तेही काम आत्याबाईनंच केलं होतं. तिला बोलवायला या वेळी कुणाला जावं लागलं नव्हतं, ती घरातच होती.

त्या मुक्कामात ती माझ्याशी फारसं बोलली नाही. रात्री भाकरी तशीच ठेवली. अंकुरचं दुःख आहे असं मी धरून चालले, आणि ते होतंच. पण तेराव्याला मी पुन्हा गेले तेव्हा तिनं विचारलं, "अनू, मानूस येखादी गोष्ट आपल्या बाबतची सफा इसरू शकते का?"

"कुठली गोष्ट?"

"काई नाई," ती म्हणाली आणि उठून गेली.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. मी तिथे नव्हते, माझं झेंडावंदन अकोल्याला. पण अपेक्षानं मला सगळं सांगितलं, पुढे चंदानंही सांगितलं, आणि दोघींचं सांगणं जुळतं. अपेक्षानं ठराव पुन्हा वाचला. या वेळी भगवंतराव उभे राहिले. मुलगा जाऊन जेमतेम दोन महिने झालेले, दाढी वाढलेली.

"सरकारले काय मालूम?" ते म्हणाले. "माया घरी आत्ताच झालं. सूनबाईनं सोता हात पुढं केला. कोणी जबरदस्ती केली का? इचारा तिले. माया वैनीले इचारा. देवमनदादा गेला तवा वैनीनं सोता होऊन सगळं उतरवलं. कोणी हात धरला होता का त्याईचा? ह्या बायाईचं मनच तसं रायते. मंग तुमी आमी बंद करनारे कोन?"

लोकांनी माना डोलावल्या. सगळ्यांच्या नजरा आत्याबाईकडे वळल्या, कारण पुराव्याला तिलाच उभं केलं होतं. ती बायांच्या घोळक्यात मागे बसली होती. हात टेकून उठली. लोकांना वाटलं, ती पुन्हा तेच बोलणार.

"भाऊजी, तुमी बसा," ती म्हणाली. "मायाबद्दल बोलले म्हनून मी बोलतो. मले धरलं होतं. इकून तुमच्या चुलतीनं, तिकून तुमच्या मायनं. मी मूठ वळली होती. नाई नाई करून ओरडली होती मी. ह्या हातात काच गेली, त्याची खून हाये. तुमी तवा दारात उभे होते, पोट्टे होते, तुमाले आठोत नसंन. मले बी आठोत नव्हतं."

भगवंतराव काही म्हणायला गेले, पण ती थांबली नाही.

"चंदानं हात पुढं केला हे खरं हाये. पर मूठ मिटेल होती. पोरीच्या तोंडून शब्द निंगाला नाई, पर मूठ उघडत नव्हती. मी येक येक बोट सोडवलं. तिचं येक बोट सोडवताना मले मायी सासू दिसली. तवापासून मले खाल्लेलं गोड लागत नाई. मांगच्या सभेत मी म्हटलं, खुशीनं पाळलं. ते खोटं होतं. जानून नाई बोलली, पर खोटं होतं. ते लिहून घ्या सरपंचबाई."

मग ती खाली बसली. अपेक्षानं हात वर करायला सांगितलं. पौर्णिमानं पहिला हात वर केला, मग बचत गटाच्या बायांनी, मग काही तरुण मुलांनी. काठावर का होईना, ठराव मंजूर झाला. चंदा हात वर न करता बसून होती. पुढे मी तिला कारण विचारलं तर म्हणाली, "मामंजी समोर होते ना."

हात मोजून झाल्याबरोबर, सभा संपायच्या आधीच, भगवंतराव घरी गेले होते. आत्याबाई पोचली तेव्हा ते ओसरीवर बसले होते. भांडण होईल असं तिला वाटलं. ते भांडले नाहीत.

"वैनी, माया पोरगा मेला," ते म्हणाले. "त्याच्या बायकोच्या कपाळावर कुंकू तसंच, हातात बांगड्या तशाच ठेवल्या असत्या. मंग माया पोरगा गेला याची या घरात काय खून राह्यली असती? काईच नाई गेलं का आपलं?"

आत्याबाई मला म्हणाली, "अनू, याच्यावर मले आजबी जवाब नाई देता येत." त्यानंतर वर्षभर दीर-भावजयीचं बोलणं बंद होतं. एकच घर, मधल्या भिंतीनं दोन भाग केलेले. रोज सकाळी तिकडून दुधाचा गडवा यायचा तो बंद झाला. तिनं पौर्णिमाच्या घरून दूध लावून घेतलं.

ठरावानं गाव बदललं असं कुणी समजू नये. त्याच उन्हाळ्यात वरच्या आळीत एक म्हातारा वारला आणि नेहमीप्रमाणे आत्याबाईला निरोप आला. ती गेली. बायको म्हातारीच होती. आत्याबाई तिच्याजवळ बसली, पाठीवरून हात फिरवत राहिली. बाया वाट पाहत होत्या. शेवटी कुणीतरी म्हटलं, "दुर्गाबाई, उशीर होऊन राहिला."

"मी नाई करत आता," ती म्हणाली.

मग दुसऱ्या एका विधवेनं ते उरकलं, घाईघाईत, पदर न गुंडाळता. आत्याबाईला ते शेजारी बसून पाहावं लागलं. बाहेर आल्यावर अपेक्षा तिला म्हणाली की ठराव झालेला आहे, आपण तक्रार करू शकतो. आत्याबाई म्हणाली, "कोनाची करतं? मांगच्या साली तं मीच होती."

पुढच्या काही महिन्यांत ती ज्या ज्या बायांच्या बांगड्या तिनं फोडल्या होत्या त्यांच्या घरी जाऊन आली. मला वाटतं तिला काहीतरी ऐकून घ्यायचं होतं. बहुतेकींनी चहा केला आणि "जाऊ द्या, तुमी काय केलं, रीतच होती" म्हणाल्या. सुभद्रा तसं म्हणाली नाही. सुभद्राचा नवरा पंधराएक वर्षांपूर्वी गेला होता. तिनंही चहा केला, समोर बसली आणि मग बोलली.

"तुमी काच लागू देल्ली नाई, ते मले याद हाये. पर मी तुमाले म्हटलं होतं, बारीक टिकली तं राहू द्या, पोट्टी भेते माया कपाळाले पाहून. तुमी म्हटलं, चार लोक काय म्हनतीन. ते चार लोक कोन होते, दुर्गाबाई? मी लय दिवस इचार केला. मले कोनी दिसलेच नाई."

आत्याबाईनं चहा संपवला आणि निघून आली. सुभद्रा समोर दिसली की अजूनही नुसती मान हलवते, घरी येत नाही. आत्याबाईचीही तक्रार नाही.

चंदाला श्रावणनं नांदगाव पेठच्या कारखान्यात शिलाई विभागात लावून दिलं. कारखान्याची गाडी फाट्यावर येते. सुरुवातीला ती मोकळ्या कपाळानं जायची. मग गाडीत बसल्यावर टिकली लावायची आणि उतरताना काढायची. मग एक दिवस काढायची विसरली आणि तशीच घरात आली. भगवंतरावांनी पाहिलं, नातवाला हाक मारली आणि त्याला घेऊन पाराकडे निघून गेले. पुढे चंदानं टिकली काढली नाही, आणि तेही काही बोलले नाहीत. त्या सुमारास दुधाचा गडवा पुन्हा यायला लागला. कुणी कुणाची माफी मागितली नाही. दुपारी दोघं ओसरीवर चहा घेतात आणि अजूनही त्यावरून वाद घालतात. "वैनी, तुमी चुकल्या," ते म्हणतात. "असंन," ती म्हणते.

हे सगळं ऐकून मला वाटायला लागलं होतं की आत्याबाई आता माझ्या बाजूची झाली. मग या वर्षी होळीच्या आसपास तिचा फोन आला. आवाज तापलेला.

"आयकलं का? भगवंतराव सुनेचं लगन लावून राहिले!"

मूर्तिजापूरचं स्थळ होतं. मोटार वाइंडिंगचं दुकान असलेला माणूस, बायको आजारानं गेलेली, मूल नाही, सोहमला सांभाळायची तयारी. भगवंतरावांनी स्वतः शोधून काढलेलं. मला इतका आनंद झाला की मी फोनवरच हसले. आत्याबाई भडकली.

"हासतं काय? कुंकू लाव म्हटलं, बांगड्या घाल म्हटलं, नवकरी कर म्हटलं. पर दुसरं लगन? सोहम कोनाचं नाव लावन? अंकुरचं घर मोडून टाकतं का?"

मी रविवारी गेले. ओसरीवर दोघंही बसलेले, आणि या वेळी बाजू उलट्या. भगवंतराव शांतपणे समजावत होते आणि आत्याबाई ऐकत नव्हती.

"मी किती दिवस हाय, वैनी? तुमी किती दिवस? आपून गेल्यावर तिले कोन हाये?"

"मले कोन होतं? मी नाई राह्यली?"

"तुमाले आमी होतो," भगवंतराव म्हणाले. "आन माया आजीचा तं पाटच लागला होता. आपल्यात पयले व्हतच होतं हे. आपले बाप शिकले, मोठे झाले, मंग बंद केलं."

तानुबाईची सासू पाटाची, म्हणजे विधवा झाल्यावर दुसरं लग्न होऊन आलेली होती, हे या घरात इतकी वर्षं काढून आत्याबाईला माहीत नव्हतं.

"मग बांगड्यांचं काय, काका?" मी विचारलं. "तेव्हा तर तुमचा विरोध होता."

"ते येगळं, हे येगळं," ते म्हणाले. त्यांच्या मनात त्या दोन गोष्टी कुठेच अडखळत नव्हत्या. मला हसू आलं, पण आत्याबाईकडे पाहिल्यावर तिच्याही मनात टिकली वेगळी आणि लग्न वेगळं असेल असं वाटलं. माझ्या डोक्यात हे सगळं एका गाठोड्यात बांधलेलं होतं: एक मानलं की दुसरं मानायलाच हवं. त्या दोघांनी मात्र आपापल्या आयुष्यात जिथे जिथे टोचलं तिथे तिथेच बदल केला होता.

चंदा तेवढ्यात कारखान्याच्या गाडीतून उतरून आली. रविवारी जादा काम होतं. तिनं चपला काढल्या, तोंडावर पाणी मारलं आणि आमच्या गप्प बसण्यावरून विषय ओळखला.

"चंदा, माय," आत्याबाई म्हणाली, आवाज बराच उतरलेला. "मले थोडा इचार करू दे. मंग मी सांगतो."

चंदानं रुमालानं तोंड पुसलं आणि तिच्याजवळ जाऊन बसली.

"मोठ्या आई, इचार मी करून राहिली ना," ती म्हणाली. "त्याईले मी दोनदा भेटून आली, दुकानावर. सोहमले बी नेलं होतं. अजून काई ठरवलं नाई. ठरलं की तुमाले दोघायले सांगन."

भगवंतरावांनाही हे नवीन होतं. आत्याबाई चंदाच्या तोंडाकडे पाहत होती. रागावेल असं मला वाटलं. तिनं नुसतं विचारलं, "मानूस कसा हाये?"

"कमी बोलते," चंदा म्हणाली. "सोहमले मोटार खोलून दाखवली."

"हं," आत्याबाई म्हणाली, आणि चंदासाठी चहा टाकायला आत गेली.